तिसरं पाणी

टेम्पोतून उतरली तेव्हा वीट हातभर,
पाच किलोची, शिळ्या भाकरीसारखी टणक.
वरचं तमिळ आमच्यात कुणालाच वाचता येईना,
वजनाचा आकडा तेवढा कळला.

पिंपात ठेवून पाणी सोडलं.
आधी काहीच नाही.
मग कडेनं सुटायला लागली,
पाहुणीनं दुसऱ्या दिवशी जरा पाय पसरून बसावं तशी,
आणि तासाभरात पिंपाच्या वर
चहाच्या चोथ्याचा ढीग.

निलव्वा म्हणाली, ही माती नव्हे.
म्हटलं, नव्हेच.
नारळाच्या सोडणातलं, काथ्या काढून घेतल्यावर
दोरवाल्यांनी झटकून टाकलेलं.
"पैसे देऊन आणलंस?"
म्हटलं, हो.
तिनं पिंपाला एक चक्कर मारली.

पहिल्या वर्षी मला ठाऊक नव्हतं.
भिजवला, की लगेच भरला.
चौऱ्याण्णव ट्रे संकेश्वरी मिरची,
बी घरचं, आत्तीनं राखेत घोळून ठेवलेलं.
नवव्या दिवशी वर आलं, दोन पानांवर आलं,
आणि पानांच्या कडा जळाल्या
उदबत्ती टेकवल्यागत.
कणगल्याचं गिऱ्हाईक आलं, वाकून बघितलं,
टोपी सारखी केली आणि गेलं.
चार शब्द बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

निलव्वानं चिमूटभर भुसा जिभेवर ठेवला.
"उप्प ऐति."
मीही ठेवला. खारट.
हिरण्यकेशीच्या वळणावर, शेडनेटच्या हिरव्या सावलीत,
दोघींपैकी एकीनंही न पाहिलेला समुद्र
दोघींच्या तोंडात.

कुठल्याशा खाडीत सहा-सहा महिने
बुडवून ठेवतात म्हणे सोडणं.
काथ्या सुटतो, दोर होतात, दोर कुठे कुठे जातात.
मीठ भुशात राहतं.

तेव्हापासून तीन पाणी.
पहिलं तांबडंकाळं, ते रस्त्यावर.
दुसरं शिंदीच्या बुडाला, तिला काही होत नाही.
तिसरं निलव्वा चाखते.
माझ्याकडे मीटर आहे, धारवाडहून आणलेला,
बुडवला की आकडा दाखवतो.
मी आकडा बघते, आणि मग तिच्या तोंडाकडे.
ती "इन्नोम्मे" म्हणाली की पुन्हा नळ.

मग मूठ.
मूठभर घेऊन आवळायची.
धार लागली तर जास्त, हात कोरडा तर कमी,
बोटांच्या फटीतून एक थेंब,
दुसरा यावा की न यावा असा अडलेला,
तेवढंच.
मला हे ट्रेनिंगला कागदावर लिहून दिलं होतं.
तिला कुणी दिलं नाही,
तिची मूठ जोंधळ्याच्या पिठात मुरलेली.

अठ्ठ्याण्णव खळगे, एकेकात एकेक बी.
ती कन्नडात मोजते, मी मराठीत,
चाळिसाच्या आसपास कुणीतरी चुकतं
आणि दुसरीचंही चुकवतं.

भुशात काही नसतं.
कस नाही, तण नाही, गेल्या पिकाची कीड नाही,
कुणाच्या बापजाद्याचं नाव नाही.
ओल धरतो आणि बी धरतो, बस.
पहिले आठ-दहा दिवस बी आपल्याच शिदोरीवर.
तरू न्यायला गडहिंग्लजचे येतात, हुक्केरीचे येतात,
सगळ्यांचा एकच प्रश्न,
माती कुठली, तांबडी का काळी?
मी म्हणते, तुमच्याकडे असेल ती.

एक रोप उपटून दाखवते मग.
खळग्याच्या आकाराचा गड्डा अख्खा येतो हातात,
भोवतीनं पांढरी मुळं, आडवीतिडवी, घट्ट.
दोर वळून उरलेला भुसा,
त्यालाही पीळ पडलाय.

आज सकाळी नव्या विटांचं तिसरं पाणी.
निलव्वानं बोट बुडवलं,
चाखलं, थुंकली, पुन्हा चाखलं.
पलीकडच्या मळ्यात कुणाचातरी पंप सुरू झाला.
"साक," म्हणाली,
आणि पदराला हात पुसत
काळ्या कागदावर ठेवायला दगड शोधायला गेली.